शाई भरावी, पण सांडू नये

(संस्थेच्या अभ्यासिकेत सभासद व विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजचा विषय ऐकून काहींना नवल वाटले असेल. प्रिंटरच्या कार्ट्रिजमध्ये शाई कशी भरावी, हा काय व्याख्यानाचा विषय आहे? पण अर्ज भरायची शेवटची तारीख आहे, हॉल तिकीट छापायचे आहे आणि नेमक्या त्याच रात्री प्रिंटर पांढऱ्या रेघा मारू लागतो, तेव्हा हा विषय किती मोठा आहे हे समोर बसलेल्या विद्यार्थ्यांना मी सांगायला नको. प्रिंटर एकदाच घ्यावा लागतो, शाई मात्र वारंवार लागते. घराघरांत असे कितीतरी प्रिंटर दिसतात, जे बिघडलेले नाहीत, पण नवे कार्ट्रिज परवडत नाही म्हणून कापडाखाली झाकून ठेवले आहेत. ते पुन्हा चालू व्हावेत, एवढाच आजच्या बोलण्याचा हेतू आहे.

शाई भरता येते हे पुष्कळांना ठाऊक आहे. अडचण गळतीची असते. हात रंगतात, टेबल रंगते, प्रिंटरच्या आत शाई सांडते आणि मग माणूस कानाला खडा लावतो. म्हणून शाई गळते का, हे आधी समजून घेऊ. ते एकदा समजले की कृती लक्षात ठेवायला सोपी जाते.

आपल्या गावची शाई

मित्रहो, कारंजा हे शाईला अनोळखी गाव नाही. येथील सेनगण, बलात्कारगण आणि काष्ठासंघ या तिन्ही जैन मंदिरांच्या भांडारांत शेकडो वर्षांची हस्तलिखिते जपून ठेवलेली आहेत. रायबहादूर हिरालाल यांनी १९२६ साली मध्य प्रांत व वऱ्हाडातील संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांची जी सूची प्रसिद्ध केली, तिच्यात कारंजाच्या पोथ्यांची नोंद आहे. पुढे अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजातील प्राध्यापक डॉ. हीरालाल जैन यांनी १९३३ साली ‘णायकुमारचरिउ’ हा अपभ्रंश ग्रंथ संपादित करून जगापुढे आणला.

जुन्या पोथ्यांसाठी काळी शाई बनवण्याची आपल्याकडची रीत म्हणजे दिव्याची काजळी गोळा करायची, डिंकाच्या पाण्यात ती घोटायची. काजळी पाण्यात विरघळत नाही, ती अत्यंत बारीक कणांच्या रूपात तरंगत राहते. डिंक ते कण कागदाला धरून ठेवतो. कार्बनचा कण उन्हाने विटत नाही, म्हणून अशी अक्षरे शतकानुशतके काळीच राहतात.

आता प्रिंटरच्या शाईकडे या. बाजारात दोन जातीच्या शाया मिळतात. एकीला पिगमेंट शाई म्हणतात, दुसरीला डाय शाई. पिगमेंट काळी शाई म्हणजे आपल्या काजळीच्या शाईचीच सुधारलेली बहीण, कार्बनचे कण पाण्यात तरंगत ठेवलेली. डाय शाई म्हणजे पाण्यात पूर्ण विरघळलेला रंग, जसा कापडाचा रंग असतो. पुष्कळ कार्ट्रिजांत काळी शाई पिगमेंट असते आणि तीन रंगांच्या शाया डाय असतात. या दोन जाती एकमेकींत मिसळू नयेत. मिसळल्या तर कण गोळा होऊन गाठी बनतात आणि शाईची बारीक छिद्रे कायमची बंद पडू शकतात. म्हणून बाटली घेताना आपल्या कार्ट्रिजचा क्रमांक दुकानदाराला दाखवा आणि त्याच क्रमांकासाठी बनवलेली शाई मागा. फाउंटन पेनची किंवा शिक्क्याच्या पॅडची शाई चुकूनही भरू नका.

कार्ट्रिजच्या पोटात काय असते

इंकजेट प्रिंटरची जन्मकथा मोठी गंमतशीर आहे. १९७७ साली जपानमधील कॅनन कंपनीचे संशोधक इचिरो एंडो यांच्या प्रयोगशाळेत, शाई भरलेल्या सिरिंजच्या सुईला चुकून गरम सोल्डरिंग आयर्न लागले. त्याबरोबर सुईच्या टोकातून शाई उडाली. उष्णतेने शाईचा बुडबुडा तयार होतो आणि तो पुढची शाई ढकलतो, हे त्यावरून ध्यानात आले. अमेरिकेत एचपी कंपनीच्या तंत्रज्ञांनीही स्वतंत्रपणे हीच युक्ती शोधली आणि १९८४ साली थिंकजेट हा प्रिंटर बाजारात आणला.

आपल्याकडच्या एचपी आणि कॅननच्या अनेक साध्या कार्ट्रिजांत आजही हेच तत्त्व आहे. खालच्या बाजूला जी तांबूस-सोनेरी पट्टी दिसते तिच्याजवळ केसापेक्षाही बारीक छिद्रे असतात. त्यांना नोझल म्हणतात. प्रत्येक नोझलमागे एक चिमुकला हीटर असतो. तो क्षणार्धात सुमारे ३०० अंश सेल्सिअसपर्यंत तापतो, बुडबुडा फुगतो आणि एक थेंब कागदावर पडतो. तो थेंब किती लहान? दहा पिकोलीटरचा धरला तर एक मिलीलीटर शाईत असे दहा कोटी थेंब होतात.

यातून पहिला धडा मिळतो. हीटरला थंड ठेवते ती शाईच. कार्ट्रिज कोरडे असताना छपाई चालू ठेवली की हीटर जळतो आणि जळलेले कार्ट्रिज कितीही शाई भरली तरी चालत नाही. म्हणून अक्षरे फिकट पडू लागताच थांबा आणि त्याच दिवशी शाई भरा. महिनाभर सुकलेल्या कार्ट्रिजमध्ये शाई भरून यश मिळत नाही, यात भरणाऱ्याचा दोष नसतो, उशिराचा असतो.

आता मुख्य प्रश्न. खाली छिद्रे आहेत, वर शाई आहे, तरी नवे कार्ट्रिज गळत का नाही? कारण आत स्पंज असतो. आपण शाळेत पाटी पुसायला स्पंज वापरत होतो तो आठवा. भिजवलेला स्पंज हातावर आडवा धरला तर पाणी टपकत नाही, कारण त्याची बारीक भोके पाणी धरून ठेवतात. तोच स्पंज गच्च भिजवला किंवा उभा केला की टपटप सुरू होते. कार्ट्रिजचेही तसेच आहे. स्पंज शाईला मागे ओढून धरतो, आणि छिद्रातला थेंब हीटरने ढकलल्याशिवाय बाहेर पडत नाही. ही ओढ टिकली की कार्ट्रिज गळत नाही. ती ओढ तीन प्रकारे जाते. शाई जास्त भरल्याने, घाईने भरून आत हवेचे गोळे अडकल्याने, आणि कार्ट्रिज वेडेवाकडे धरल्याने.

दुसरीकडे, शाई खाली गेली की तिच्या जागी हवा यावी लागते. त्यासाठी वरच्या झाकणावर बारीक वाट ठेवलेली असते, आणि तिच्यावर लेबल असते. शाई भरल्यावर पुष्कळ जण वरून सेलोटेप घट्ट चिकटवतात. मग दोन-चार ओळी छापून झाल्या की शाई येईनाशी होते. लोकांना वाटते शाई खराब आहे. खराब काही नसते, हवेची वाट बंद झालेली असते.

एक सूचना येथेच देतो. काही जुन्या जातीच्या कार्ट्रिजांत स्पंज नसून स्प्रिंग असलेली पिशवी असते. तेथे हवा आत शिरली की ओढ नाहीशी होते, म्हणून भरण्याचे छिद्र हवाबंद करावेच लागते. तेव्हा आपले कार्ट्रिज स्पंजाचे आहे की पिशवीचे, हे आधी विचारून घ्या. मी आज सांगतो ती कृती स्पंजाच्या कार्ट्रिजची आहे.

शाई भरण्याची कृती

साहित्य साधे आहे. योग्य शाईची बाटली, प्रत्येक रंगासाठी वेगळी ५ मिलीची नवी सिरिंज, हातमोजे किंवा प्लास्टिकच्या पिशव्या, जुनी वर्तमानपत्रे, टिश्यू पेपर, टूथपिक आणि डिस्टिल्ड वॉटर. आपला भाग कापसाचा, त्यामुळे हाताशी कापूस असतोच. पण नोझलला कापूस लावू नका, त्याचे तंतू छिद्रांत अडकतात. बोअरचे पाणीही नको, त्यातील क्षार सुकून बसतात.

पहिली पायरी वजनाची. नवे कार्ट्रिज आणाल तेव्हाच त्याचे वजन करून वहीत लिहून ठेवा. ग्रॅमचा दशांश दाखवणारा छोटा काटा नसेल तर ओळखीच्या सराफाकडे एक मिनिटाचे काम आहे. एक मिली शाईचे वजन साधारण एक ग्रॅमच्या किंचित वर असते. रिकाम्या कार्ट्रिजचे वजन नव्यापेक्षा पाच ग्रॅम कमी भरले, तर साडेचार मिलीच्या आतच शाई भरायची. अंदाजाने भरणारा हटकून जास्त भरतो, आणि गळतीची निम्मी प्रकरणे येथेच सुरू होतात.

दुसरी पायरी. टेबलावर वर्तमानपत्राच्या सात-आठ घड्या पसरा. कार्ट्रिज सपाट ठेवा, नोझल खाली. वरचे लेबल एका कडेने हळूच उचला. खाली भोके आणि बारीक खाचा दिसतील. लेबल फेकू नका.

तिसरी पायरी तिरंगी कार्ट्रिजपुरती. कोणत्या भोकात कोणता रंग, हे अंदाजाने ठरवू नका. वेगवेगळ्या कार्ट्रिजांत जागा बदलतात. प्रत्येक भोकात वेगळी टूथपिक घालून बाहेर काढा आणि पांढऱ्या कागदावर टेकवा. निळा, गुलाबी, पिवळा जो उमटेल तो त्याच्यापुढे लिहून ठेवा.

चौथी पायरी सर्वांत महत्त्वाची. सिरिंजमध्ये शाई घ्या, सुई वर करून हवा काढून टाका. सुई भोकातून सरळ स्पंजाच्या मध्यापर्यंत न्या. तळापर्यंत नेऊ नका, तेथे बारीक जाळी असते आणि ती फाटली तर कचरा थेट नोझलमध्ये उतरतो. आता दट्ट्या अगदी हळू दाबा. एक मिलीला एक मिनिट, असा हिशेब धरा. स्पंजातील हवेला बाहेर यायला वेळ मिळाला पाहिजे. कोरड्या मातीत भसाभसा पाणी ओतले तर ते वरून वाहून जाते, रिमझिम पाऊस मात्र जिरतो, हे शेतकऱ्यांच्या मुलांना सांगायला नको. भोकाच्या तोंडाशी शाई दिसली की त्या क्षणी थांबा आणि दट्ट्या किंचित मागे ओढून वरची शाई परत घ्या. तिरंगी कार्ट्रिजमध्ये शाई वर आली तर ती लेबलखालच्या खाचांतून शेजारच्या रंगात उतरते आणि पिवळ्याचा हिरवा होतो.

पाचवी पायरी. वरचा भाग टिश्यूने पूर्ण कोरडा करा. लेबल पुन्हा जागेवर बसवा. ते चिकटत नसेल तर भोकावर टेप लावा, पण हवेच्या खाचा मोकळ्या सोडा, किंवा टेपला टाचणीने एक छिद्र पाडा.

सहावी पायरी. टिश्यूची जाड घडी करून तिच्यावर नोझल टेकवून कार्ट्रिज दहा मिनिटे ठेवा. सुरुवातीला दोन-तीन थेंब निघतील, ते ठीक आहे. मग डिस्टिल्ड वॉटरने ओलसर केलेल्या टिश्यूवर नोझल तीन-चार सेकंद दाबा. घासू नका. काळ्याची एक स्वच्छ पट्टी आणि तिरंगीच्या तीन वेगळ्या पट्ट्या उमटल्या, की काम नीट झाले. तांब्याचे संपर्कबिंदू कोरड्या टिश्यूने टिपून घ्या. त्यांच्यावर ओल राहिली तर प्रिंटर कार्ट्रिज ओळखतच नाही.

सातवी पायरी धीराची. कार्ट्रिज सपाटच ठेवून तास-दोन तास विश्रांती द्या, मग प्रिंटरमध्ये बसवा. एकदाच हेड क्लिनिंग करून चाचणीचे पान छापा. पडद्यावर शाई संपल्याची सूचना तशीच राहील, कारण प्रिंटर शाई मोजत नाही, छापलेल्या थेंबांचा हिशेब ठेवतो. बहुतेक साध्या प्रिंटरांत ओके म्हणून पुढे जाता येते. मात्र तेथून पुढे शाई संपत आल्याची सूचना मिळणार नाही, तेव्हा पाने आपणच मोजायची.

तरीही गळाले तर

नोझलमधून थेंब थांबतच नसतील तर शाई जास्त झाली आहे. वरच्या भोकातून सिरिंजने अर्धा मिली ओढून घ्या आणि पुन्हा टिश्यूवर ठेवा. दोन तासांनीही ठिबकत असेल तर हवेचा गोळा अडकला असावा. रात्रभर सपाट ठेवून सकाळी पाहा. कार्ट्रिजच्या सांध्यातूनच शाई पाझरत असेल तर प्लास्टिकला तडा गेला आहे. ते चिकटवण्याच्या भानगडीत पडू नका, बाजूला काढा. ठिबकणारे कार्ट्रिज प्रिंटरमध्ये कधीही घालू नका. दोनशे रुपये वाचवताना चार हजारांचा प्रिंटर जायचा.

उन्हाळ्याचे वेगळे सांगतो. जुन्या पिढीतील मंडळींनी शाईची गोळी पाण्यात विरघळवून दौत भरलेली आहे. १९३१ साली दि. प. दांडेकर यांनी मुंबईत सुरू केलेल्या कॅम्लिनची सुरुवातही शाईच्या पुडीने आणि गोळीनेच झाली. त्या मंडळींना खिशात गळणारा पेनही आठवत असेल. पेन अर्धा रिकामा झाला की आतली हवा अंगाच्या उष्णतेने फुगते आणि शाई बाहेर ढकलते. २५ अंशांवरून ४५ अंशांवर गेली तर हवा सुमारे सात टक्के फुगते. आपल्याकडे वैशाखात पारा कोठे जातो हे आपण जाणतो. तेव्हा भरलेले कार्ट्रिज पत्र्याखाली, खिडकीच्या उन्हात किंवा मोटारसायकलच्या डिकीत ठेवू नका. शाई सकाळी, थंड वेळी भरा. उन्हाळ्यात नोझलही लवकर सुकते, म्हणून आठवड्यातून एक रंगीत पान तरी छापावे.

आता टाकीचे प्रिंटर आले आहेत. एप्सनने २०१० साली इंडोनेशियात ते प्रथम आणले, पुढे इतर कंपन्यांनीही काढले. त्यांत बाटलीतून शाई ओतायची असते, सुईचे काम नाही. पण खुणेच्या रेषेवर शाई नेऊ नका आणि प्रिंटर तिरपा करून उचलू नका. आणखी एक गोष्ट. प्रत्येक हेड क्लिनिंगची शाई प्रिंटरच्या तळाशी असलेल्या पॅडमध्ये जाते. उठसूट क्लिनिंग करणाऱ्याचे पॅड भरते आणि प्रिंटरखाली काळे ओघळ दिसतात. ती गळती भरण्याची नसून सवयीची आहे.

पैशाचा आणि हक्काचा हिशेब

केवळ उदाहरणादाखल आकडे घेऊ. समजा नवे कार्ट्रिज ९०० रुपयांचे, त्यात १५० पाने निघतात. पानाला ६ रुपये पडले. शाईची १०० मिलीची बाटली २०० रुपयांना, दर वेळी ५ मिली म्हणजे १० रुपयांची शाई. तेच कार्ट्रिज चार वेळा भरले तर एकूण खर्च ९४० रुपये आणि पाने ७५०. पानाला सव्वा रुपया. हा फरक एका विद्यार्थ्याच्या वर्षभराच्या सरावपत्रिकांचा आहे. आपापल्या प्रिंटरचे खरे आकडे घालून हे गणित प्रत्येकाने करावे. मात्र कार्ट्रिज अमर नसते. काही वेळा भरून झाल्यावर हीटर झिजतात, रेघा येऊ लागतात, तेव्हा नवे घ्यावेच लागते.

काही जण विचारतात, हे कायद्याने चालते का? विकत घेतलेल्या वस्तूत शाई भरणे हा घेणाऱ्याचा प्रश्न आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ३० मे २०१७ रोजी लेक्समार्क कंपनीच्या कार्ट्रिज खटल्यात, वस्तू एकदा विकली की तिच्यावरचा पेटंटचा हक्क संपतो, असा निर्णय दिला. तो निर्णय आपल्याकडे बंधनकारक नाही, पण विचार समजण्यासारखा आहे. आपल्या केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागानेही २०२२ साली दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. मात्र हमीच्या काळात, भरलेल्या शाईमुळे नुकसान झाले तर कंपनी ते भरून देत नाही, हे ध्यानात ठेवून निर्णय घ्या. काही प्रिंटर चिप पाहून कार्ट्रिज नाकारतात, म्हणून प्रिंटर विकत घेतानाच शाई भरता येते का हे विचारा.

निकामी कार्ट्रिज उकिरड्यावर किंवा चुलीत टाकू नका. २०२२ च्या ई-कचरा नियमांत प्रिंटरसोबत कार्ट्रिजचाही समावेश आहे. ती एका खोक्यात साठवून अधिकृत संकलन करणाऱ्याकडे द्यावीत. वापरलेल्या सुयांना टोपण लावा आणि लहान मुलांच्या हाती शाई वा सुई लागू देऊ नका. दवाखान्यातील वापरलेली सिरिंज तर मुळीच आणू नका.

विद्यार्थी मित्रहो, हे काम शिकण्यासारखे आहे आणि यावर चार पैसेही मिळतात. पण दुसऱ्याचे कार्ट्रिज हाती घ्याल तेव्हा आधी ते जळले आहे का हे तपासा, आणि जळले असेल तर पैसे न घेता तसे सांगा. भरून दिलेले कार्ट्रिज रात्रभर टिश्यूवर ठेवूनच परत करा. असे काम करणाऱ्याकडे गिऱ्हाईक पुन्हा येते.

अभ्यासिकेच्या प्रिंटरसाठी मी एक वही सुचवतो. कार्ट्रिजचे वजन, भरल्याची तारीख, किती मिली, किती पाने निघाली आणि कोणी भरले, अशी पाच रकाने पुरेत. वर्ष संपल्यावर ती वही उघडली की शाईवर किती खर्च झाला आणि किती वाचला, हे कोणालाही विचारावे लागणार नाही. वाचलेल्या पैशातून कोणती पुस्तके घ्यायची, ते तुम्हीच ठरवा.

 बाहेरच्या टेबलावर दोन कार्ट्रिजे आणि सिरिंज ठेवल्या आहेत. ज्यांना हाताने करून पाहायचे आहे त्यांनी थांबावे.